कावेरीतल्या महाशीरचा पत्ता

बंगळुरू समुद्रसपाटीपासून नऊशे मीटरच्या वर वसलं आहे आणि त्याच्या नळाला येणारी कावेरी त्या मानाने बरीच खाली वाहते. शिवनसमुद्रजवळ उचललेलं पाणी तोरेकाडनहळ्ळीला शुद्ध होतं आणि सुमारे शंभर किलोमीटर, तेही चढाने, पंपांनी ढकलत शहरात आणलं जातं. कावेरी पहिल्यांदा बंगळुरूत पोचली १९७४ साली. ऑक्टोबर २०२४ मध्ये योजनेचा पाचवा टप्पा सुरू झाला आणि दिवसाला आणखी ७७.५ कोटी लिटर पाण्याची सोय झाली. आलेलं पाणी वापरून झाल्यावर कुठे तरी जातंच. शहराच्या पश्चिम भागातलं सांडपाणी वृषभावतीत, वृषभावती अर्कावतीत आणि अर्कावती कनकपुऱ्याच्या पुढे संगम नावाच्याच गावाशी पुन्हा कावेरीत. म्हणजे शहर वरच्या अंगाला पाणी उचलतं आणि खालच्या अंगाला सोडतं. या दोन ठिकाणांच्या मधे, दोड्डमाकळी, भीमेश्वरी, गालिबोरे या भागात, कातळांतून उसळत जाणाऱ्या पात्रात एक मासा राहतो. आज तो तिथे नेमका किती उरला आहे, हा प्रश्न त्याच्या अभ्यासकांना छळतो आहे.

मासा म्हणजे कावेरीचा कुबडवाला महाशीर. शास्त्रीय नाव टॉर रेमादेवी. डोक्यामागून पाठ एकदम उंच उठते म्हणून कुबडवाला. १९४६ साली कबिनी नदीत म्हैसूरच्या व्हान इंगेन कुटुंबातल्या एकाने गळाने धरलेला महाशीर १२० पौंडांचा, म्हणजे ५४ किलोंच्या आसपास भरला. हे व्हान इंगेन म्हणजे वाघ-बिबटे पेंढा भरून देण्यासाठी राजेरजवाड्यांत प्रसिद्ध असलेलं घराणं. गळाने धरलेल्या महाशीरचा तो विक्रम अजून मोडलेला नाही, आणि आताची परिस्थिती पाहता मोडण्याची शक्यताही नाही.

एवढा अवाढव्य असला तरी तो चरतो मात्र बहुतेक तळाशी. त्याचं तोंड थोडं खालच्या बाजूला वळलेलं असतं, ओठ जाड, आणि तोंडाच्या कडेला मिशांच्या दोन जोड्या. गोट्यांच्या फटींत या मिशा चाचपत जातात आणि खेकडे, गोगलगायी, किड्यांच्या अळ्या, शेवाळ, काठच्या झाडांवरून पडलेली फळं, जे मिळेल ते तो गोळा करतो. जबड्यात दात नाहीत. दात आहेत घशात, आणि खेकड्याचं कवच तिथे चुरलं जातं. गळ टाकणारे लोक त्याला आमिष म्हणून नाचणीच्या शिजवलेल्या पिठाचा घट्ट गोळा लावत. काठावरच्या खेड्यांत माणसांच्या ताटात रोज नाचणीची जी ‘मुद्दे’ असते, तीच गळाला.

२०१८ च्या नोव्हेंबरमध्ये आययूसीएनच्या लाल यादीत हा मासा ‘अतिसंकटग्रस्त’ म्हणून नोंदवला गेला. वाघ याच यादीत ‘संकटग्रस्त’ आहे, म्हणजे एक पायरी अलीकडे. वाघांची गणना होते, कॅमेरे लावले जातात, पट्ट्यांवरून एकेक वाघ ओळखला जातो. गढूळ, वेगवान, पावसाळ्यात तीन-चार पुरुष चढणाऱ्या नदीच्या तळाशी फिरणाऱ्या माशाचं काय करायचं? ८१ हजार चौरस किलोमीटरचं खोरं, त्यातल्या असंख्य उपनद्या, आणि हाताशी मोजके संशोधक. सगळीकडे जाळं टाकून पाहणं शक्य नाही. टाकणं योग्यही नाही, कारण जो मासा वाचवायचा तोच जाळ्यात मरायचा.

अशा वेळी संगणकावरचं मॉडेल उपयोगी पडतं. त्याची कल्पना सोपी आहे. मासा जिथे जिथे खात्रीने सापडला आहे, त्या ठिकाणांचे अक्षांश-रेखांश घ्यायचे. मग खोऱ्याच्या नकाशावर थर चढवायचे: तापमान, पाऊस, उंची, उतार, वरच्या बाजूने किती क्षेत्राचं पाणी गोळा होऊन येतं, काठावर जंगल आहे की शेती. मासा सापडलेल्या जागी या गोष्टींचा मेळ कसा आहे, हे संगणक तपासतो आणि तोच मेळ खोऱ्यात आणखी कुठे जमतो ते शोधून प्रत्येक चौकोनाला शून्य ते एक यांमधला गुण देतो. या कामासाठी सर्वांत जास्त वापरली जाणारी पद्धत ‘मॅक्सेंट’. स्टीव्हन फिलिप्स, रॉबर्ट अँडरसन आणि रॉबर्ट शापायर यांनी २००६ साली ती मांडली. तिची लोकप्रियता एका साध्या कारणामुळे आहे. मासा कुठे आहे एवढंच तिला सांगावं लागतं. कुठे नाही हे सांगावं लागत नाही. नदीत ‘नाही’ म्हणणं फार अवघड असतं. गळाला लागला नाही म्हणजे तिथे नव्हताच, असं कोण छातीठोकपणे सांगेल?

पण हा गुण म्हणजे पत्रिका जुळण्यासारखा असतो. छत्तीस गुण जुळले म्हणून लग्न झालं असं होत नाही. जास्त गुण मिळून नकाशावर लालभडक दिसणाऱ्या डोहात मासा असेलच असं नाही. तिथली परिस्थिती त्याला मानवणारी आहे, एवढंच तो नकाशा सांगतो.

तेवढंही कमी नसतं. मादागास्करमध्ये सरड्यांवर झालेलं काम याचं गाजलेलं उदाहरण आहे. क्रिस्टोफर रॅक्सवर्दी आणि सहकाऱ्यांनी तिथल्या सरडवर्गीय प्राण्यांसाठी असेच नकाशे केले. काही भाग असे निघाले, की मॉडेल म्हणत होतं इथे सरडा असावा आणि नोंद मात्र एकही नव्हती. मॉडेल चुकलं म्हणून सोडून न देता संशोधक त्या जागी गेले, तेव्हा शॅमेलिऑनच्या सात नव्या जाती हाती लागल्या. २००३ साली ‘नेचर’मध्ये हे प्रसिद्ध झालं. शोधायचं कुठे, हे सांगणं हा अशा नकाशाचा खरा उपयोग.

कावेरीच्या महाशीरसाठी असं करायला घेतलं, तर पहिली अडचण गणिताची येत नाही. ती नावाची येते, आणि तिचं मूळ पुणे जिल्ह्यात आहे.

कर्नल विल्यम हेन्री साइक्स या कंपनी सरकारच्या अधिकाऱ्याने दख्खनच्या माशांची वर्णनं १८३९ साली प्रसिद्ध केली. त्यात दोन मासे आपल्या कामाचे आहेत. एक मुळा-मुठेतला ‘खुद्री’, म्हणजे आपल्याकडची खडशी. आजचं तिचं नाव टॉर खुद्री, पर निळसर म्हणून इंग्रज गळवाले तिला निळ्या पराचा महाशीर म्हणत. दुसरा शिरूरजवळच्या घोड नदीतला ‘मुसुल्ला’. पुढे कित्येक दशकं कावेरीच्या कुबडवाल्या महाशीरला पुस्तकांतून ‘टॉर मुसुल्ला’ म्हटलं गेलं. साइक्सचा मुसुल्ला हा मुळात महाशीरच नाही, तो हिप्सेलोबार्बस या वेगळ्या प्रजातीतला मासा आहे, हे २०१३ च्या सुमारास नीट मांडलं गेलं. मग कुबडवाला मासा बिननावाचा झाला! जगभरच्या गळवाल्यांना शंभर-दीडशे वर्षं माहीत असलेला, दीड मीटरपर्यंत वाढणारा मासा, आणि त्याला शास्त्रात नाव नाही. नाव नाही म्हणून लाल यादीत जागाही नाही.

हा गुंता सुटला २०१८ साली. एड्रियन पिंडर, राजीव राघवन आणि सहकाऱ्यांनी मोयार नदीतून मिळालेल्या कुबडवाल्या माशांची शरीररचना आणि डीएनए तपासला. केरळातल्या, पण कावेरीच्या खोऱ्यातच मोडणाऱ्या पांबार नदीतून लहान आकाराच्या माशांवरून आधीच वर्णन झालेला टॉर रेमादेवी आणि हा महाकाय मासा एकच निघाले. मत्स्यशास्त्रज्ञ के. रेमा देवी यांच्यावरून ते नाव दिलेलं आहे.

अमेरिकेतही असंच घडलं होतं. तिथल्या ‘रोबस्ट रेडहॉर्स’ या तळाशी शिंपले खाणाऱ्या माशाचं वर्णन एडवर्ड कोप याने १८७० साली केलं. पुढे ते नाव भलत्याच माशाला चिकटलं आणि खरा मासा विस्मरणात गेला. थेट १९९१ साली जॉर्जियातल्या ओकोनी नदीत तो पुन्हा ओळखला गेला. मॉडेल करणाऱ्याच्या दृष्टीने नावांच्या या गोंधळाचा अर्थ असा, की संग्रहालयांच्या यादीत किंवा संकेतस्थळांवर ‘मुसुल्ला’ नावाने पडलेली प्रत्येक नोंद संशयित आहे. घोड नदीचा बिंदू चुकून कावेरीच्या माशाच्या खात्यात पडला, तर संगणक बिनतक्रार कृष्णा-भीमेचं खोरंही लाल रंगवून देईल.

दुसरी अडचण अशी, की नोंदी कुठून येतात हे पाहावं लागतं. या माशाच्या बहुतेक चांगल्या नोंदी शास्त्रज्ञांच्या नाहीत, गळवाल्यांच्या आहेत. कर्नाटक सरकारच्या जंगल लॉजेस अँड रिसॉर्ट्सने कावेरीकाठी तंबूंचे कॅम्प चालवले. नियम असा, की मासा धरायचा, वजन करायचं, फोटो काढायचा आणि परत सोडायचा. पूर्वी सुरुंग लावून मासे मारणारे कित्येक गावकरी इथे वाटाडे आणि राखणदार म्हणून कामाला लागले. एकट्या गालिबोरे कॅम्पवर १९९८ ते २०१२ या काळात २३,६२० तास गळ टाकले गेले आणि ६,१६१ महाशीर धरून सोडले गेले. सर्वांत लहान अर्धा किलोही नाही, सर्वांत मोठा ४६.८ किलोंचा. कॅम्पच्या नोंदींची ही वही पिंडर आणि मंडळींनी २०१५ साली अभ्यासली. तासाला मिळणाऱ्या माशांची संख्या वर्षागणिक वाढत गेलेली, सरासरी वजन घटत गेलेलं. वरवर पाहता आनंदाची गोष्ट: पिल्लं भरपूर होत आहेत, राखण कामी आली.

मग त्यांनी दोन प्रकारचे महाशीर वेगळे काढले, आणि चित्र पालटलं. वाढ होत होती ती सगळी निळ्या पराच्या माशाची. कुबडवाले दरवर्षी कमी होत होते आणि जे गळाला लागत ते मोठे, वयस्क. लहान जवळजवळ नाहीतच. घरात फक्त म्हातारी माणसं उरली की गावाचं पुढे काय होणार, हे कोकणात वेगळं सांगावं लागत नाही.

आता हा निळ्या पराचा मासा कावेरीत आला कुठून? त्याचा मार्ग लोणावळ्यातून जातो. सत्तरच्या दशकात सह्याद्रीतल्या खडशीची संख्या घसरताना पाहून टाटांच्या वीज कंपनीने वळवण धरणाशी तिचं प्रजनन केंद्र सुरू केलं. डॉ. सी. व्ही. कुलकर्णी आणि एस. एन. ओगले या मराठी मत्स्यतज्ज्ञांनी मादीची अंडी काढून, फलित करून, बोटुकली वाढवण्याचं तंत्र बसवलं. काम अस्सल होतं, यात शंका नाही. टॉर खुद्री पूर्वी संकटग्रस्त गणली जायची, आज ती लाल यादीत सर्वांत कमी चिंतेच्या गटात आहे. त्या उत्साहात बोटुकली देशभरच्या नद्यांत सोडली गेली. महाशीर घटतोय ना, मग महाशीर सोडा! कावेरीत स्वतःचा वेगळा महाशीर आहे, हा विचार तेव्हा फारसा कुणी केला नाही. त्याला तेव्हा धड नावही नव्हतं. कृष्णा खोऱ्यातली खडशी कावेरीत रुजली, फोफावली, आणि मूळच्या मालकाला जागा अपुरी पडू लागली. एका नदीत जे संवर्धन ठरलं, ते दुसऱ्या नदीत अतिक्रमण झालं. या प्रकरणात खलनायक शोधत बसण्यात अर्थ नाही, पण आजही कुठल्याही धरणात कुठलंही मत्स्यबीज सोडून फोटो काढण्याचे समारंभ होतात, तेव्हा हे आठवायला हवं.

मॉडेलला यातलं काही दिसत नाही. तापमान आणि पावसाचे जे जागतिक थर सर्रास वापरले जातात, त्यांतला एक चौकोन साधारण एक किलोमीटरचा असतो आणि त्यात तापमान हवेचं असतं, पाण्याचं नव्हे. गालिबोरेला नदी एका चौकोनात मावून शिवाय रान आणि टेकडी उरते. कुबडवाल्याच्या जागेवर खडशी बसली आहे, संगमाशी अर्कावतीतून शहराचं सांडपाणी येतं, रात्री वाळूचे ट्रक भरले जातात, या गोष्टी थरांत मुद्दाम घातल्याशिवाय येत नाहीत. नोंदीही कॅम्पच्या आसपासच दाटलेल्या. बेसावध संशोधकाचा संगणक मग माशाला मानवणारी जागा शिकण्याऐवजी जीपला मानवणारा रस्ता शिकतो. त्यावर उपाय आहेत. तुलनेसाठी घ्यायचे बिंदूही त्याच फेरफटक्याच्या भागातून घेतात, एकमेकांना चिकटलेल्या नोंदी विरळ करतात, आणि काही नोंदी बाजूला ठेवून मॉडेल त्या ओळखतं का याची परीक्षा घेतात.

काळाचाही घोळ आहे. १९४६ चा विक्रमी मासा कबिनीतला. कबिनी धरण झालं १९७४ साली. त्या नोंदीला आजच्या जलाशयाचा थर जोडला, तर माशाला साचलेलं पाणी आवडतं असा उफराटा निष्कर्ष निघेल.

जमिनीवरच्या प्राण्यासाठी नकाशा पसरट असतो. माशासाठी तो एक रेष असते, आणि रेष मधे तोडली की संपलं. कावेरीवरचं कृष्णराजसागर धरण १९३१ साली पुरं झालं, मेट्टूर १९३४ साली. पावसाळ्यात अंडी घालायला वर चढणारा महाशीर धरणाच्या भिंतीपाशी थांबतो. त्यामुळे पलीकडचा डोह कितीही आदर्श असला तरी तो नकाशातून वजा करावा लागतो. याहून बारीक कामासाठी दुसरी पद्धत आहे. १९७० च्या दशकात अमेरिकेच्या मत्स्य व वन्यजीव सेवेने ती घडवली. तिच्यात पात्रात उतरून खोली, प्रवाहाचा वेग आणि तळ कशाचा आहे, गोटे, वाळू की कातळ, हे मोजायचं, आणि धरणातून किती पाणी सोडलं तर माशाला राहण्याजोगी किती जागा उरते याचा हिशेब मांडायचा. शिवनसमुद्रच्या वीजकेंद्राचा इतिहास १९०२ पासूनचा. तिथून खालच्या पात्रासाठी असा हिशेब अत्यंत मोलाचा ठरेल, कारण वीजनिर्मितीनुसार पाणी चढतं-उतरतं आणि उथळ गोट्यांवर घातलेली अंडी उघडी पडू शकतात.

हवामान बदलाचा अंदाजही याच नकाशांवरून बांधतात. हिमालयातला असेला, म्हणजे स्नो ट्राउट, दगडांवरचं शेवाळ खरवडून खाणारा तळचा मासा आहे. देहरादूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेतील संशोधक आणि सहकाऱ्यांनी २०२१ साली एकाऐवजी अनेक मॉडेलं एकत्र चालवून दाखवलं, की पाणी तापत जाईल तसा हा मासा वर वर सरकेल आणि वर जागा आकसत जाईल. कावेरीच्या महाशीरला तर वर सरकायची सोयही नाही. वर धरणं आहेत.

आणि खाली मेकेदाटू. तिथे ६७ टीएमसीचं धरण बांधायचा कर्नाटकचा प्रस्ताव आहे, बंगळुरूला आणखी पाणी आणि ४०० मेगावॅट वीज मिळावी म्हणून. तामिळनाडूशी वाद चालू आहे तो पाण्याच्या वाट्यावरून. धरण झालं तर गालिबोरेसारखं वाहतं, खडकाळ पात्र जलाशयाखाली जाईल. कुठल्याही नकाशात हे चौकोन सर्वांत गडद असतील, आणि तेच आधी पुसले जातील. बंगळुरूला पाणी हवं हे खरंच आहे. पण शहरात गळणारं आणि न मोजता जाणारं पाणी आधी थांबवण्याऐवजी नदी अडवण्याची घाई करणं, हा हिशेब पटणारा नाही.

वन्यजीव कायद्याचा नवा अर्थ लावला गेल्यावर कावेरीच्या या पट्ट्यातल्या अभयारण्यातली गळाची मासेमारी थांबली. प्राण्याला त्रास नको, हा हेतू समजू शकतो. पण त्याबरोबर नोंदींची वही बंद झाली आणि नदीकाठचे राखणदारही गेले. आता नव्या नोंदींसाठी वेगळा मार्ग हवा. पाण्याचा नमुना गाळून त्यात माशाच्या खवल्यांतून, विष्ठेतून सुटलेला डीएनए शोधता येतो. मासा न पकडता तो आहे की नाही हे कळतं. मॉडेलने दाखवलेले पहिले वीस-पंचवीस डोह निवडून तिथलं पाणी तपासणं, हे काही फार खर्चिक काम नाही. तपासलेले कुबडवाले मासे जिथून मिळाले त्या मोयारसारख्या बाजूच्या उपनद्यांपासून सुरुवात करावी, हे तर उघडच आहे.

दरम्यान, वाचकांना करता येण्यासारखं एक काम आहे. पिंडर यांच्या गटाला जुन्या गळवाल्यांच्या फोटोंचा मोठा उपयोग झाला. कुठल्या दशकात कुठला महाशीर होता, हे त्यांवरून ताडता आलं. कूर्ग, म्हैसूर, भीमेश्वरी या भागात पूर्वी नोकरीला, लष्करात किंवा सहलीला असलेल्या कुणाच्या घरी मोठ्या माशासोबतचा फोटो असेल, तर मागच्या बाजूला साल आणि नदीचं नाव लिहिलं आहे का बघा. असेल, तर तो स्कॅन करून इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल किंवा आयनॅचरलिस्टसारख्या ठिकाणी चढवा. संकटग्रस्त जातींचं नेमकं ठिकाण आयनॅचरलिस्टवर आपोआप झाकलं जातं. अलीकडचा फोटो असेल तर मात्र डोहाचं नाव फेसबुकवर टाकू नका. सुरुंग लावणारेही फेसबुक वाचतात.